मुंबईची नोकरी की कोल्हापूरची?



आज आम्ही तुमच्यापुढे एक घरगुती प्रश्न मांडणार आहोत. हा प्रश्न कुणा एकाचा नाही. शिराळा, शाहूवाडी, पाटण, आजरा, चंदगड या बाजूच्या कितीतरी घरांतून तो कधी ना कधी निघतो. घरचा कर्ता माणूस मुंबईला असतो. महिन्याला पैसे येतात. गणपतीला तो येतो, जत्रेला येतो आणि परत जातो. असे वर्षामागून वर्ष चालते. आणि एक दिवस कुणीतरी निरोप आणतो, "कोल्हापूरला जागा आहे. पगार कमी आहे, पण गाव जवळ आहे. येतोस का?"

मग घरात बोलाचाली सुरू होते. म्हातारा म्हणतो, "ये बाबा घरी." थोरला भाऊ म्हणतो, "हातचा पगार सोडू नको." सोबती म्हणतो, "कोल्हापुरात काय ठेवलंय?" बायकोला बहुधा कुणी विचारत नाही. आणि हिशेब तर कुणीच मांडत नाही. सगळे तोंडातोंडी चालते.

मंडळी, तुम्हांला आता लिहिता-वाचता येते. मग एवढा मोठा प्रश्न तोंडातोंडी का सोडवायचा? एक वही घ्या. पेन्सिल घ्या. घरातली सगळी माणसे बसा. म्हातारे बसू देत, बाई बसू दे, जाणते पोर असेल तर तेही बसू दे. मग कागदावर लिहीत लिहीत बोला. ते कसे करायचे, तेच आज आपण पाहू.

पण त्याआधी मुंबईविषयी थोडे सांगू द्या. कारण मुंबईची ओढ आपल्या गावांना आजची नाही.

मुंबईला कापडाच्या गिरण्या निघाल्या त्या १८५४ सालानंतर. गिरणीला माणसे लागत. ती रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या बाजूची गेली. एक गेला, त्याने दुसऱ्याला नेले. गावाची म्हणून एक खोली असे. त्या खोलीत पाळीपाळीने माणसे झोपत. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच जागी आडवा होई. जेवण खानावळीत. खानावळ चालवणाऱ्या बायाही आपल्याच बाजूच्या. त्यांनी किती माणसांचे पोट भरले, त्याची मोजदाद नाही. म्हणजे मुंबई परकी वाटत नसे. तेथेही गाव होतेच.

पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. पुढारी होते डॉक्टर दत्ता सामंत. तो संप रीतसर मिटलाच नाही. हजारोंची नोकरी कायमची गेली. मग माणसे गावाकडे परतली. ज्याने गावचे घर शाकारून ठेवले होते, भावाशी गोडी ठेवली होती, त्याला निदान पाय टेकायला जागा होती. ज्याने मुंबईच्या भरवशावर घराकडे पाठ फिरवली होती, त्याचे फार हाल झाले.

हे ऐकून कुणी म्हणेल, "म्हणजे मुंबई वाईट, लहान शहर चांगले." तसेही नाही बरे का. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०६ साली सूतगिरणीचा पाया घातला होता. नामांकित गिरणी ती. पुढे तीही बंद पडली. कारखाना मोठ्या शहरात आहे की लहान शहरात, हे पाहून मंदी येत नाही.

आता लहान शहरात काम कोठून आले? मुंबई-पुण्यातच सगळे कारखाने नकोत, राज्यभर पसरावेत, म्हणून १९६२ साली सरकारने औद्योगिक विकास महामंडळ काढले. त्यालाच आपण एमआयडीसी म्हणतो. कोल्हापूरजवळ शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल येथे अशा वसाहती आहेत. तेथे लोखंड वितळवून ओतकाम करणाऱ्या फौंड्र्या पुष्कळ. मोटारींचे, इंजिनांचे भाग तेथे ओततात. दुसरीकडे हे भाग यंत्रावर घासूनपुसून मापात आणतात. म्हणजे काम आहे. पण काम कसले, हे विचारल्यावाचून होय म्हणू नये. भट्टीजवळचे काम वेगळे, साच्याचे वेगळे, यंत्रावरचे वेगळे. भट्टीपाशी धग असते, धूळ असते. यंत्रावर बसला तर दोन वर्षांत हातात कसब येते, आणि कसबाला दुसरीकडेही मोल मिळते.

इचलकरंजीचे उदाहरण घ्या. तेही लहानच शहर. १९०४ साली तेथे पहिला यंत्रमाग सुरू झाला. पुढे इतके माग वाढले की लोक त्याला महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणू लागले. मँचेस्टर हे विलायतेतले कापडाचे शहर. तर इचलकरंजीत काम शिकायला वेळ लागत नाही आणि काम मिळतेही लवकर. पण मागावरची मजुरी कापडावर असते. जेवढे विणले तेवढे पैसे. सूत महागले, मालकाला परवडेना, मागाला टाळे लागले, की मजुरीलाही टाळे. महिन्याचा बांधलेला पगार आणि मापावरची मजुरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निरोप आणणारा माणूस आठवड्याची चांगली मजुरी सांगतो. मंदीच्या आठवड्याची सांगत नाही.

आणखी एक. लहान शहर म्हणजे हवापाणी चांगले, असे पुष्कळांना वाटते. इचलकरंजीत २०१२ साली दूषित पाण्याने काविळीची साथ आली होती. माणसे दगावली. म्हणून खोली बघायला गेलात तर भिंतीचा रंग पाहू नका. नळाला पाणी किती दिवसांनी येते आणि ते कसे असते, ते शेजारणीला विचारा. शेजारीण खरे सांगते. घरमालक सांगेलच असे नाही.

बरे, आता मुख्य गोष्टीकडे येऊ.

आमच्या पाहण्यातले एक घर आहे. शाहूवाडीच्या बाजूचे. नाव कशाला सांगू? घरात आई, वडील, कर्ता मुलगा, त्याची बायको आणि दोन पोरे. मुलगी सातवीत, मुलगा तिसरीत. वडिलांना अर्धांगाचा झटका येऊन गेलेला. काठी धरून अंगणापर्यंत येतात, तेवढेच. सव्वा एकर जिराईत जमीन, एक दुभती म्हैस.

मुलगा चौदा वर्षे मुंबईला. गोदामात मालाची चढउतार करतो. वय अडतीस. हातात बावीस हजार पडतात. पावती नाही, फंड नाही. ठेकेदार रोख मोजतो. मेहुण्याने निरोप आणला, शिरोलीला एका कारखान्यात जागा आहे, पगार सतरा हजार.

मुलगा दिवाळीला घरी आला. रात्री जेवणे झाली आणि विषय निघाला. थोरल्या चुलत्याने लगेच निकाल दिला. "बावीस सोडून सतरा? खुळा हाईस काय?"

सगळे गप्प झाले. कारण बावीसापेक्षा सतरा कमी, हे लहान पोरालाही कळते.

तेव्हा त्या घरची सून चुलीपाशी बसून म्हणाली, "मामंजी, बावीस आपल्या घरात कुठं येत्यात? येत्यात ते अकराच."

सासरे म्हणाले, "मग बाकीचे जातात कुठे?"

सून प्रौढ साक्षरता वर्गात येत होती. तिने मुलीची वही आणली आणि नवऱ्याला म्हणाली, "अवो, तुमी सांगा. म्या लिवते."

मग हिशेब लागला. खोलीत पाच जण राहात. प्रत्येकाच्या वाट्याला भाडे तीन हजार. खानावळ चार हजार. रेल्वेचा पास, चहापाणी, मोबाइल, साबण, दाढी मिळून दोन हजार. वर्षातून चार वेळा गावी यायचे. येताना रिकाम्या हाताने येता येत नाही. पोरांना खाऊ, आईला लुगडे. एका खेपेला तीन हजार लागतात. चार खेपांचे बारा हजार, म्हणजे महिन्याला एक हजार पडले. औषधपाणी, कुणाला हातउसने, असे आणखी हजार. हे सगळे अकरा हजार झाले. आणि घरी अकरा हजार.

चुलते म्हणाले, "एवढा खर्च?" मुलगा खाली मान घालून बसला. तो उधळ्या माणूस नव्हता. मुंबईत माणसाचे एकट्याचे पोट भरायलाच एवढे लागते. दोन चुली पेटल्या की दोन्हींना सरपण लागते.

आता कोल्हापूरचा हिशेब. येथे आम्ही त्यांना थोडी मदत केली. मालकाने सतरा हजार सांगितले. पण सांगितलेला पगार आणि हातात पडणारा पगार यांत फरक असतो. ज्या कारखान्यात वीस किंवा जास्त माणसे आहेत, तेथे भविष्यनिर्वाह निधी कापतात. त्याला आपण पीएफ म्हणतो. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून जे होते, त्याच्या शेकडा बारा. या माणसाचे ते पंधरा हजार होत होते. म्हणून १,८०० रुपये गेले. कामगार विमा, म्हणजे ईएसआय, शेकडा पाऊण रुपया. सतरा हजारांवर १२८ रुपये. व्यवसाय कर २०० रुपये. सगळे वजा जाता हातात राहिले १४,८७२.

"बघा," चुलते म्हणाले, "आता तर पंधरासुद्धा न्हाईत."

थांबा. जे कापले, ते बुडाले का? पीएफचे आपले १,८०० आपल्याच नावावर साठतात. मालकालाही तेवढेच १,८०० घालावे लागतात. त्यातले १,२५० निवृत्तिवेतनाच्या खात्यात जातात आणि ५५० आपल्या फंडात. म्हणजे फंडात दर महिन्याला २,३५० साठले. त्यावर व्याज मिळते. आणि नोकरीची दहा वर्षे भरली तर अठ्ठावन्न वर्षांच्या वयानंतर निवृत्तिवेतन मिळते. विम्याचे १२८ रुपये देऊन स्वतःला आणि घरच्यांना विमा दवाखान्यात औषधोपचार मिळतो. आजारी पडून कामावर जाता आले नाही, तर नियमात बसल्यास वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या शेकडा सत्तर रुपये मिळतात. मुंबईला हा माणूस ताप आला की पडून राही. ज्या दिवशी पडला त्या दिवशीची हजेरी गेली.

अडतीस वर्षांचा माणूस पोते उचलतो. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी उचलेल का? हा प्रश्न त्या रात्री त्याच्या आईने विचारला. तिने दुसरे काही म्हटले नाही. तिचा नवरा समोर काठी घेऊन बसला होता.

मग पुढचा प्रश्न आला. कोल्हापूरला जायचे, तर कसे? सगळे बिऱ्हाड घेऊन, की एकट्याने?

मुलाच्या मनात सगळ्यांना न्यायचे होते. साहजिक आहे. चौदा वर्षे तो पोरांपासून लांब होता. मुलगी रांगायला लागली ते त्याने पाहिले नाही. तो म्हणाला, "खोली घेऊ. पोरं शहरात शिकतील. तुलाबी जरा आराम."

बायकोने वही पुढे ओढली. खोलीचे भाडे साडेचार हजार. वीज आणि गॅस दीड हजार. धान्य घरचे धरले तरी किराणा, भाजी, तेल सहा हजार. पोरांचा खर्च हजार. इतर दीड हजार. मग ती थांबली आणि म्हणाली, "आनि दूध?"

"दूध घेऊ की."

"घेऊ. कशानं घेऊ? आज घरात दूध हाय. म्हसरू इकलं की तेबी इकत आलं." तिने दुधाचे दीड हजार लिहिले. एकूण सोळा हजार झाले. हातात येणार १४,८७२. महिन्याला ११२८ रुपये कमी पडत होते.

आणि तिने त्याखाली आणखी एक ओळ लिहिली. डेअरीला दूध घालून, पेंड आणि वैरण वजा जाता, तिला महिन्याला सरासरी चार हजार सुटत. दर दहा दिवसांनी तिच्या नावाने बिल येई. बिऱ्हाड हलले की ते गेले. मागे सासू-सासऱ्यांना पाठवायचे दोन हजार निराळेच.

मंडळी, येथे आम्हांला जरा थांबायचे आहे. हा चार हजारांचा आकडा त्या घरात आजवर कुणी मोठ्याने उच्चारला नव्हता. मुंबईहून पैसे आले की गावभर कळे. पण पहाटे चारला उठून शेण काढायचे, धार काढायची, डोक्यावरून वैरण आणायची, सासऱ्याला आंघोळ घालायची, त्याचा पगार कोण मोजतो? त्याला काम म्हणतच नाहीत. म्हणून बिऱ्हाड हलवायचे ठरले की पुरुष स्वतःच्या पगाराचा हिशेब करतो आणि बाईची मिळकत पुसून टाकतो. मग शहरात गेल्यावर तंगी येते आणि कुणाला कळत नाही की पैसे गेले कुठे. ते गेले म्हशीबरोबर.

म्हशीची आणखी एक गंमत आहे. ती विकायला एक दिवस लागतो. पुन्हा तशी घ्यायला दोन वर्षे जातात.

मग तिसरी वाट निघाली. गावात राहूनच रोज ये-जा करायची. गाव ते कारखाना चाळीस किलोमीटर. जाऊन-येऊन ऐंशी. मोटारसायकलला दिवसाला १७० रुपयांचे पेट्रोल. सव्वीस दिवसांचे ४,४२० रुपये झाले. डबा घरचा. चहापाणी हजार. म्हणजे घरात साडेनऊ हजारांच्या आसपास उरत होते. मुंबईहून अकरा हजार येत. फरक दीड हजाराचा, आणि फंडात २,३५० साठताहेत.

हिशेबाने ही वाट चांगली दिसते. पण वहीत न बसणाऱ्या गोष्टी असतात. कारखान्यात तीन पाळ्या. रातपाळी सुटून माणूस झोपेच्या डोळ्यांनी गाडी चालवणार. पावसाळ्यात शाहूवाडीच्या बाजूला पाऊस कसा पडतो, ते तुम्हांला सांगायला नको. आणि उसाच्या हंगामात ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या, पाठीमागे दिवा नाही. असल्या रस्त्यावर वर्षभर रोज ऐंशी किलोमीटर हे आम्हांला पसंत नाही. दीड हजारासाठी जीव धोक्यात घालू नये. एसटीची वेळ पाळीशी जुळत असेल तर एसटीने जावे. ती जुळते का, हे नोकरी धरण्याआधी डेपोत जाऊन पाहावे.

म्हणून त्या घराने चौथी वाट काढली. दिवसपाळीच्या आठवड्यात एसटी मिळते, तेव्हा ये-जा. रातपाळीच्या आठवड्यात आणि भर पावसाळ्यात शिरोलीलाच दोघातिघांत मिळून खोली. खोलीचा वाटा दीड हजार. स्वयंपाक हाताने. आठवड्याच्या सुट्टीला मात्र घरी. त्यांच्या हिशेबाने घरात नऊ हजारांच्या आसपास उरत होते. म्हैस जागेवर, दुधाचे बिल जागेवर, म्हाताऱ्याजवळ माणूस जागेवर.

खोली बघताना म्हाताऱ्याने एक चांगला प्रश्न विचारला. "पाणी कुठवर आलं हुतं?" २०१९ साली पंचगंगेला महापूर आला, तेव्हा शिरोलीजवळ महामार्गही बंद पडला होता. २०२१ सालीही पूर आला. पुष्कळ भिंतींवर पाण्याच्या खुणा राहिल्या. स्वस्त खोली ही कित्येकदा पुराच्या रेषेखालची असते. त्यांनी ती खूण विचारली आणि पाचशे रुपये जास्त देऊन उंचावरची खोली घेतली. वरच्या हिशेबातील दीड हजार हे तेच भाडे.

आता कागदांविषयी. हे कंटाळवाणे वाटेल, पण ऐका.

नोकरी धरताना नेमणुकीचे पत्र मागावे. त्यावर काम कोणते, पगार किती, कारखान्याचा की ठेकेदाराचा, हे लिहिलेले असावे. पुष्कळ ठिकाणी माणूस कारखान्यात राबतो, पण त्याचा मालक ठेकेदार असतो. तसे असले तर असो, पण ते आधी कळले पाहिजे. पत्र वाचता येत नसेल तर सही करू नये. आता तुम्हांला वाचता येते, तेव्हा सावकाश वाचून मग सही करावी. कुणी घाई केली तर समजावे की वाचण्यासारखे काहीतरी त्यात आहे.

पीएफला एक बारा आकडी नंबर मिळतो. नोकरी बदलली तरी नंबर तोच राहतो. आधीच्या नोकरीत तो मिळाला असेल तर नव्या मालकाला तोच द्यावा. जुने पैसे काढून लग्नात खर्च करणारे पुष्कळ आहेत. तसे केले की निवृत्तिवेतनाला लागणारी दहा वर्षे भरणे अवघड होऊन बसते.

रेशनची काळजी फार जण करतात. "शहरात गेलो तर कार्ड बुडेल," असे म्हणतात. अन्नसुरक्षेच्या यादीत नाव असेल आणि आधार जोडलेले असेल, तर आता दुसऱ्या गावच्या दुकानातही अंगठा लावून धान्य घेता येते. घरातले काही धान्य गावी आणि काही शहरात, असेही घेता येते. मात्र दोन्हीकडे मिळून आपल्या कार्डावर जेवढे आहे तेवढेच.

पोरांच्या शाळेचे मात्र नीट पाहावे. दाखला मिळाला नाही म्हणून सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला नव्या शाळेने परत पाठवायचे नाही, असा २००९ चा कायदा आहे. तरीही वर्षाच्या मधेच पोराला उचलून नेऊ नये. मार्गशीर्षात बिऱ्हाड हलवले तर पोराचे अर्धे वर्ष इकडे आणि अर्धे तिकडे होते. नवी शाळा, नवे मास्तर, पोर बावरते. हलायचे असेल तर उन्हाळ्याच्या सुट्टीत हलावे.

त्या घरात मुलीचाच प्रश्न सर्वांत अवघड निघाला. गावात शाळा सातवीपर्यंत. हायस्कूल सहा किलोमीटरवर. खेड्यातल्या मुलींना शाळेला जायला एसटीचा मोफत पास मिळतो, पण गावात गाडी यायला हवी ना? सकाळची गाडी येते. संध्याकाळची कधी येते, कधी येत नाही. आजी म्हणाली, "सातवी झाली, बास झालं. घरात आईला मदत व्हईल." मुलगी दाराआड उभी होती. तिने एक शब्द काढला नाही.

आई म्हणाली, "आत्ती, वहीत आजपतुर म्या सगळ्यांचं लिवलं. हिचं काय लिवू?"

कुणाला उत्तर सुचेना. मग बाप बोलला. तो म्हणाला, "मी मुंबईला गेलो तवा मला कुणी इचारलं न्हवतं. हिला इचारा."

मुलगी म्हणाली, "मला शिकायचंय. कोल्हापुरात असू दे न्हाईतर हितं असू दे."

ते तिने एका वाक्यात सांगितले. तेवढेच वहीत लिहिले गेले.

आता आमचे मत कुणी विचारील. आम्हांला वाटते, त्या माणसाने मुंबई सोडली हे बरे केले. पण ती नोकरी बरी होती म्हणून. फंड होता, विमा होता, पत्र होते, आणि घर एसटीच्या टप्प्यात होते. यातले काही नसते, तर आम्ही त्याला मुंबईतच राहा म्हटले असते. ज्याची मुंबईत पक्की नोकरी आहे, फंड चालू आहे, दहा-बारा वर्षे भरली आहेत, त्याने केवळ गावच्या ओढीने कच्च्या कामावर येऊ नये. आणि ज्याचे मुंबईत बिऱ्हाड आहे, बायकोलाही तेथे काम आहे, पोरे तेथल्या शाळेत रुळली आहेत, त्याचा हिशेब अगदी उलटा येईल. तेथे दोन पगार सोडून एका पगारावर यायचे, हे दहादा विचार करण्यासारखे आहे. त्या बाईला कोल्हापुरात काम मिळेल का, हे आधी पाहायला हवे.

मुंबईचे दार लगेच बंद करू नये, असेही आम्ही त्याला सांगितले. ठेकेदाराशी भांडून निघू नये. खोलीतल्या सोबत्यांचा हिशेब चुकता करून, रामराम घालून यावे. त्याने तसेच केले. गादी आणि पत्र्याची पेटी तेवढी सहा महिने तेथेच ठेवली. नवे काम झेपले नाही तर परत जाता यावे म्हणून.

पहिले दोन महिने त्याला जड गेले. भट्टीच्या धगीची सवय नव्हती. तिसऱ्या महिन्यात साच्याच्या कामावर घेतले. पगारचिठ्ठी आली की बायको वहीशी ताडून पाहते. एकदा दोन दिवसांची हजेरी कमी लागली होती. तिने दाखवली, त्याने कचेरीत सांगितले, आणि पुढच्या पगारात ती भरून आली.

शिरोलीच्या बाजूला मुलीसाठी हायस्कूल पाहून ठेवले आहे. आतेकडे राहून ती शिकू शकेल, असे एक मत आहे. संध्याकाळची गाडी रोज यावी म्हणून ग्रामपंचायतीचा ठराव डेपोला गेला आहे. त्या अर्जावर सही करणाऱ्यांत त्या घरची सूनही आहे. गाडी सुरू झाली तर मुलगी घरूनच हायस्कूलला जाईल. नाही झाली तर आतेकडे. जूनला ती आठवीत जाईल. तोवर म्हैस विकायची नाही, एवढे त्या घराने पक्के ठरवले आहे.